हाव गल्ली: नळ की लाउडस्पीकर

कुसुम, गेल्या महिन्यापर्यंत तुझा मुलगा माझ्याशी बोलत नव्हता. मी ताट वाढलं की मिलिंद ते उचलून ओसरीत नेऊन जेवायचा. या अबोल्याचं कारण तू होतीस, म्हणून सगळं तुलाच सांगते. दुसऱ्या कोणाला सांगायला जावं तर लोक म्हणायचे, भावजय गेली तरी या नणंदेचं भांडण काही मिटलं नाही.

तसं म्हणणारे निघालेच. त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. आपण दोघी एका घरात राहून, एका चुलीवर स्वयंपाक करून, एकाच विषयावर आयुष्यभर भांडलो. विषय काय, तर आपल्या गल्लीला हाव गल्ली का म्हणतात. बाकीच्या घरांत वाटणीवरून भांडणं होतात, दागिन्यांवरून होतात, आपल्या घरात गल्लीच्या नावावरून झाली. दादा वैतागून विचारायचा, "तुमाले दुसरं काई सापडत नाई काय वं?" सापडत होतं, पण त्यात मजा नव्हती.

झालं असं. तू गेल्यावर विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. गल्ली सगळी आली होती, यवतमाळहून, दिग्रसहून पाहुणे आले होते. माणसं तुझ्याबद्दल बोलायला उभी राहिली ती डोळे पुसत, आणि दोन वाक्यांत हसायला लागली, कारण तुझ्याबद्दल बोलायचं म्हणजे हसावं लागतंच. भंतेजीसुद्धा हसले. शेवटी मिलिंद उठला. म्हणाला, "नगरपरिषद आता सगळ्या गल्ल्याईले पाट्या लावून राह्यली. आपल्या गल्लीले माह्या मायचं नाव देऊ. कुसुमताई मार्ग."

टाळ्या वाजल्या. म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. आणि त्या टाळ्यांमध्ये मी, तुझी सख्खी नणंद, उठून म्हणाले, "नाई. गल्लीचं नाव बदलाचं नाई."

टाळ्या थांबल्या. मिलिंद माझ्याकडे बघतच राहिला. "आत्या, तुले माह्या मायचं नाव नको हाये काय?"

एवढी बडबडी मी, पण खाली बसले आणि पदराचं टोक चुरगाळत राहिले.

तसा पाटीचा घोळ तुझ्या देखतच सुरू झाला होता. मागच्या उन्हाळ्यात नगरपरिषदेतून एक साहेब आले होते, पुण्याकडचे, स्वभावानं चांगले. गल्ल्यांची नावं मोबाइलवर टिपत चालले होते. तू ओट्यावर तूर पाखडत बसली होतीस, मी आत मशीनवर ब्लाउज शिवत होते. त्यांनी तुला गल्लीचं नाव विचारलं.

"हाव गल्ली," तू म्हणालीस.

"हाव? म्हणजे लोभ?"

"लोभ कायले? हाव म्हंजे हाव."

मी आतून ओरडून सांगितलं की साहेब, आमच्याकडे होकाराला हाव म्हणतात. त्यांच्या लक्षात आलं. "अच्छा, म्हणजे हो!"

तू सूप खाली ठेवलंस. "तुमच्याकडं होकार देतांनी नुसतं हो म्हंतात?"

"हो."

"बस? एवढुसंच?" तू त्यांच्याकडे फार कळवळून पाहिलंस. "मंग समोरच्याले ऐकू कसं येते?"

साहेब पोट धरून हसले. चहा प्यायले, चिवडा खाल्ला. जाताना म्हणाले की ताई, तरी पाटीवर हाव हा शब्द बरा दिसणार नाही, बाहेरचा माणूस वाचेल आणि भलतंच समजेल, एखादं चांगलं नाव सुचवून ठेवा. तू म्हणालीस, "हे चांगलंच हाये. नाई म्हणाऱ्याईची गल्ली असती त वाईट दिसलं असतं." मग त्यांनी सहज विचारलं, हे नाव पडलं कशावरून. आपण दोघी एकदमच बोललो. मी म्हणाले, "नळावरून." तू म्हणालीस, "माह्या लग्नावरून." पुढचा सगळा वेळ आपण एकमेकींशीच बोलत राहिलो. साहेब कधी उठून गेले ते कळलं नाही.

माझी बाजू तुला तोंडपाठ आहे. तरी पुन्हा मांडते, कारण आता मध्ये तोडायला तू नाहीस.

आपली गल्ली चढावर. अख्ख्या गल्लीत नळ एकच, तोही खालच्या टोकाला, आमच्या घरासमोर. मध्ये वाकण, त्यामुळे वरच्या घरांना नळ दिसायचा नाही. पाणी कधी येईल याचा काही नेम नसायचा. बाया कळशा रांगेला लावून घरी कामाला लागायच्या, आणि थोड्या वेळानं वरून कोणीतरी ओरडायची, "नळ आला काय वं?" आला असला की खालून उत्तर जायचं, "हाव!" मधल्या घरातली बाई ते उचलायची, तिच्याकडून वाकणावरची, तिच्याकडून पुढची. असा तो हाव घराघरातून वर चढत जायचा आणि बाया पदर खोचत खाली उतरत यायच्या. रोज सकाळी हाच प्रकार. शेजारच्या गल्लीतले लोक म्हणायचे, झाली यांची हाव हाव सुरू. नाव पडायला आणखी काय लागतं?

आता तुझी बाजू. तुझ्यासारखी रंगवून मला सांगता येणार नाही, पण प्रयत्न करते.

तू याच गल्लीतली, वाकणावरच्या घरातली. दादाशी तुझं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त मी नाचले, कारण मैत्रीण आयतीच घरात येणार होती. लग्न विहारासमोरच्या मोकळ्या जागेत होतं आणि दिवस नेमका आपल्या दारव्ह्याच्या बाजाराचा. बौद्धाचार्य बाहेरगावचे होते. त्यांची पद्धत अशी की वधूवरांच्या प्रतिज्ञा एकेक करून वाचायच्या आणि प्रत्येक प्रतिज्ञा झाली की विचारायचं, "मान्य आहे?" हे आधी कळल्यामुळे मी तुझी तयारी करून घ्यायला बसले. मला तेव्हा शुद्ध बोलायचा भारी सोस होता.

"म्हण, मान्य आहे."

"मान्य हाये."

"हाये नाई वं, आहे!"

"आहे."

"आता पूर्ण म्हण."

"मान्य हाये."

दुपारभर हेच चाललं. शेवटी तुला जमलं. पांढरीशुभ्र साडी नेसून, ओठ हलवत, ते दोन शब्द घोकत तू मांडवात आलीस.

आधी दादाला विचारलं. दादा काहीतरी पुटपुटला. बौद्धाचार्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा पुटपुटला. लाउडस्पीकरवाल्याला वाटलं आपल्या यंत्रातच बिघाड आहे, म्हणून त्यानं आवाजाचा खटका शेवटपर्यंत फिरवला. दादाचं कसंबसं आटोपलं आणि माइक तुझ्यासमोर आला. पहिली प्रतिज्ञा वाचून संपली होती, "मान्य" एवढंच बौद्धाचार्यांच्या तोंडातून निघालं होतं, आणि तू म्हणालीस, "हाव!"

कडुलिंबाच्या झाडावरचा कर्णा किंचाळला. कबुतरं उडाली. बाजारात भाजी तोलणाऱ्या बायांचे हात थांबले आणि जीपच्या टपावर बसलेली माणसं वाकून बघायला लागली, असं तू सांगायचीस. कबुतरं मी स्वतः पाहिली, जीपवाल्यांचं मला माहीत नाही. बौद्धाचार्य हळूच म्हणाले, "बेटा, मान्य आहे असं म्हणावं." तू समजल्यासारखी मान डोलावलीस, घसा साफ केलास आणि पुन्हा म्हणालीस, "हाव!" मग त्यांनीही नाद सोडला. पुढच्या प्रतिज्ञेला तुझ्या मागोमाग अख्खा मांडव ओरडला. मी डोक्याला हात लावून बसले होते आणि दादा, जो कोणाच्या लग्नात हसत नाही, तो स्वतःच्या लग्नात हसत होता.

तुझं म्हणणं असं की त्या दिवशी बाजाराला आलेल्या माणसांनी हे नाव गावोगाव नेलं. मी म्हणायची, नाव आधीपासूनच होतं. त्यावर तू जे म्हणायचीस त्याला माझ्याकडे कधी उत्तर नव्हतं. "नळावरचा हाव गल्लीतल्या गल्लीत जिरला, लता. गल्लीले नाव गल्लीतले लोकं नाई देत, बाहेरचे देतात. बाहेर कोणाचा हाव गेला? माहा गेला." आणि मग माझ्याकडे न बघता पोळी लाटायला लागायचीस. त्या पोळीचा मला फार राग यायचा. एकदा मी चिडून माझ्या शिवणक्लासच्या मुलींचं मत घेतलं. सगळ्या माझ्या विद्यार्थिनी, रोज माझ्या हाताखाली काज-बटण शिकणाऱ्या, आणि एकूण एक तुझ्या बाजूनं गेल्या. का, तर म्हणे लग्नाची गोष्ट जास्त छान आहे. तू त्यांना संध्याकाळी भजी खाऊ घातलीस.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी बोलले नाही. नळ माझ्यासाठी नुसता नळ नव्हता. खालच्या टोकाचं घर आपलं, म्हणून पाणी आल्याचं पहिल्यांदा दिसायचं ते आईला. गल्लीतला पहिला हाव तिचा असायचा. तोच वर जायचा. गल्लीचं नाव नळावरून पडलं म्हणजे माझ्या आईच्या आवाजावरून पडलं, असा माझा हिशोब होता. आई कुठल्या पाटीवर यायची नव्हती. तिचा फोटोसुद्धा एकच, त्यातही ती अर्धी दाराआड. नावात तरी ती राहावी, एवढ्यासाठी मी तुला जिंकू देत नव्हते.

तुला हे माहीत होतं का? मला अजून कळत नाही. घरोघरी नळ आले, गल्लीतला तो नळ काढून टाकला, आणि त्यानंतर काही वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. तिचं मन मागे मागे जायला लागलं. दुपारी डोळे उघडले की घाबरून विचारायची, "नळ आला काय?" मी तिला समजावत बसायची, आई, आता नळ घरातच आहे, रांग नाही, काळजी करू नको. तिला ते पटायचं नाही, ती रडकुंडीला यायची. तू आत कणीक मळत असायचीस, तिथूनच सासूला मोठ्यानं ओरडून सांगायचीस, "हाव, आत्याबाई!" आणि आई निवांत डोळे मिटायची. तिला समजूत नको होती, उत्तर हवं होतं. मी पोटची मुलगी, मला ते सुचलं नाही, तुला सुचलं. तुझे आभार मानावेत असं कितीदा मनात आलं. मानले नाहीत, कारण तू लगेच विचारलं असतंस, मंग लग्नावरून पडलं हे कबूल काय?

आता मानते. ऐकून घे आणि पुढचं विचारू नको.

यवतमाळच्या दवाखान्यातही आपलं तेच चाललं होतं. सलाईन लावलेला हात पोटावर ठेवून तू म्हणालीस, "मी गेल्यावर लोकाईले सांगत फिरू नको का लता जिंकली म्हणून. एकटीनं भांडून जिंकण्यात काय हाये?"

"तू घरी ये, मंग पाहू," मी म्हणाले.

"येतो ना. मले एक नवा मुद्दा सुचला हाये." आणि इतकी हसलीस की नर्सबाई रागावून गेल्या. तो नवा मुद्दा काय होता, कुसुम? तुझ्या आठवणीनं मी रडले ते दवाखान्यात नाही, विहारातही नाही. परवा भाजी चिरताना त्या मुद्द्याची आठवण झाली आणि रडले. माणसानं असं अर्धवट ठेवून जाऊ नये.

तर गेल्या महिन्यातला एक रविवार. पाटीचं नक्की करायला तेच पुण्याकडचे साहेब विहारात आले होते. तू गेल्याचं त्यांना तिथंच कळलं आणि त्यांनी हातातला मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, नाव तुम्ही सगळ्यांनी मिळून सांगा, मी तेच लिहीन. मिलिंदनं तुझं नाव मांडलं. दोघातिघांनी माझ्याकडे तिरकं बघून त्याला पाठिंबा दिला. एक बाई मागे कुजबुजली, जिवंतपणी जमलं नाही, आता काय जमणार. दादा भिंतीला टेकून खाली बघत बसला होता.

मी उठले. मला एवढंच दिसत होतं की आज गप्प बसले तर तुझ्या नावाची पाटी लागेल आणि तू जाशील. कुसुमताई मार्ग वाचून पुढच्या पिढीला वाटेल, असेल कोणीतरी चांगली बाई. चांगल्या बायांचे मार्ग गावोगाव आहेत. तुझा तो कर्णा किंचाळवणारा आवाज कोणाला कळणार? आणि नळाची गोष्ट सांगून नाव वाचणार नव्हतं. नळाला कोण विचारतो? पोराला त्याची आई हवी होती.

"मिलिंद," मी म्हणाले, "पाटीवर तुह्या मायचंच नाव लागलं पाह्यजे. पण ते आधीच लागलं हाये. या गल्लीले हाव गल्ली म्हंतात ते तिच्याचमुळं."

आणि मी तुझ्या लग्नाची गोष्ट सांगितली, तू सांगायचीस तशी, कबुतरांसकट, भाजीवाल्यांसकट, आणि मला माहीत नसलेल्या त्या जीपवाल्यांसकट. सांगताना आई डोळ्यांसमोर उभी होती, कडेवर कळशी घेऊन. मी तिला मनातल्या मनात म्हणाले, आई, जरा सरक, कुसुमला जागा कर. ती सरकली. आयुष्यभर ती सगळ्यांसाठी सरकतच आली होती, म्हणून मला आणखी वाईट वाटलं. पण थांबले नाही.

मिलिंद माझ्याकडे पाहत होता. "आत्या, तू त जिंदगीभर नळ म्हणत होती."

"म्हणत होती."

"मंग आता काहून बदलली?"

"आता तुही माय बोलाले नाई हाये. तिच्याकडून कोणी बोलाचं?"

त्यानं तोंड फिरवलं. खांदे हलत होते, आधी वाटलं रडतोय, मग दिसलं की हसतोयही. दादानं वर पाहिलं, मला हातानं बस म्हणाला आणि माझ्यासाठी शेजारची सतरंजी झटकली. साहेबांनी सगळ्यांकडे नजर फिरवून विचारलं, "मग लिहू, हाव गल्ली?" उत्तर काय आलं आणि किती मोठ्यानं आलं, ते तुला सांगायला नको.

पाटी लागली. निळी आहे, अक्षर ठसठशीत आहे. मिलिंद स्वतः शिडी धरून उभा होता. घरी येऊन माझ्याशेजारी पाट मांडून बसला आणि म्हणाला, "आत्या, वरण वाढ."

इथं हे संपायला हवं होतं. पण पाटी लागली त्याच दुपारी पारबताबाई काठी टेकत आपल्या ओट्यावर आली. वरच्या टोकाच्या शेवटच्या घरातली, गल्लीतली सगळ्यात म्हातारी. गुडघ्यांमुळे ती विहारात आली नव्हती, पण बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. आल्या आल्या म्हणाली, "खोटं कायले बोलली वं तू?"

"काय खोटं, मावशी?"

"लाउडस्पीकर कायचा? नळ होता नळ! तुही माय पह्यला हाव देत होती. मी वर दारात तिच्या आवाजाची वाट पाहत उभी राहत होती. तिचा आवाज आला का माह्या जिवात जीव येत होता, आता पाणी भेटते म्हणून. अन् मी नवी नवरी होऊन आली तवाच हे नाव होतं. कुसुम तवा फ्रॉक घालून फिरत होती!"

मी तिला कडकडून मिठीच मारणार होते. आयुष्यभर ज्या साक्षीदाराची मी वाट पाहिली तो काठी टेकत माझ्या ओट्यावर आला होता. पण तोंडातून निघालं ते असं, "नाई मावशी. नळावरचा हाव गल्लीतल्या गल्लीत जिरला. गल्लीले नाव बाहेरचे लोकं देतात."

तिनं काठी आपटली. तेव्हापासून रोज येते. मी तुझा एकेक मुद्दा काढते आणि ती तो खोडून काढते. तुझी बाजू फार कच्ची आहे, कुसुम. आतून लढताना कळतंय. तारखा जुळत नाहीत, कबुतरांशिवाय पुरावा नाही. एवढ्यावर तू मला इतकी वर्षं झुलवत ठेवलंस, तुझी कमाल आहे. पारबताबाईला माझं पटत नाही, मग ती मान वर करते, हात तोंडाशी नेते आणि आई कशी ओरडायची ते ओरडून दाखवते. हुबेहूब. मी रोज हरते, आणि दुसऱ्या दिवशी जेवणं झाली की तुझ्याकडून भांडायला ओट्यावर जाऊन बसते.